कॉपी-पेस्ट शिकवताना मधलं पण सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

दादरला आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. येणारे बहुतेक जण म्हणतात कॉपी-पेस्ट येतं हो, आणि बटणं येतातही, पण मधे काय घडतं ते कुणी शिकवलेलंच नसतं. परवा एका सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आलेले, वरचा पॅरा खाली न्यायचा म्हणून सिलेक्ट करून कंट्रोल एक्स मारलं, म्हणजे कट केला, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मीटिंगचा टाइम आला तो कॉपी केला, मग पेस्ट केलं तर नुसता टाइम आला आणि पॅरा गायब! बिचारे घाबरले. अहो, कट किंवा कॉपी केलेलं कॉम्प्युटरच्या मेमरीत क्लिपबोर्ड म्हणून जागा असते तिथे जातं आणि साधारणपणे तिथे एका वेळी एकच गोष्ट राहते, दुसरं कॉपी केलं की पहिलं गेलं. कंट्रोल झेड, म्हणजे अनडू, दाबत मागे गेलो तर पॅरा जागेवर आला. फाइल कट केली तर ती पेस्ट होईपर्यंत जुन्या जागीच फिकट दिसत राहते, मजकूर मात्र लगेच नाहीसा होतो, म्हणून लोक गोंधळतात.

विंडोजमध्ये २०१८ पासून क्लिपबोर्ड हिस्टरी आहे, एकदा चालू केली की विंडोजचं बटण आणि व्ही दाबून आधी कॉपी केलेल्या २५ पर्यंत गोष्टी दिसतात. घरी उत्तम, पण सायबर कॅफेत ती बंदच हवी. तुम्ही आधार नंबर किंवा पासवर्ड कॉपी करून उठलात तर पुढचा माणूस नुसतं पेस्ट करून तो बघू शकतो, त्यामुळे उठायच्या आधी दुसरं काहीतरी कॉपी करा आणि हिस्टरी चालू असेल तर तीही क्लिअर करा.

कट-कॉपी-पेस्टची ही सोय १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क लॅबमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसवली, तीही पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या कंपनीच्या संपादकांसाठी. साध्या माणसाला पटकन जमावं हाच हेतू होता, मग आपल्याकडे क्लासमध्ये नुसती बटणं पाठ का करून घेतात?

मराठीचं दुखणं तर वेगळंच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं अजून येतात, त्यातला मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गाळ, कारण आत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारी जगभर ठरलेली पद्धत, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. काही पीडीएफमधून कॉपी केलं तरी वेलांट्या इकडेतिकडे होतात.

तर माझी कळकळीची विनंती आहे की कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी कॉपी-पेस्टबरोबर क्लिपबोर्ड आणि अनडू पण नीट समजावावं, आणि ऑफिसांनी, मंडळांनी, सोसायट्यांनी निदान नवीन पत्रकं तरी युनिकोडमध्येच करावीत. जुन्या फाइली कन्व्हर्टरने बदलून मिळतात, फक्त नंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

आपली एक वाचक, दादर, मुंबई