घशातल्या गळूच्या त्या रात्री धावून आलेल्यांचे आभार

गेल्या आठवड्यात, इंदूरला रामबागेतल्या घरी, माझ्या यजमानांना स्वतःची लाळही गिळवेना, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते आणि आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा येत होता. तोवरचे चार दिवस आम्ही मिठाच्या गुळण्यांवर काढले होते, याची खंत आहे.

मध्यरात्री भाडे न घेता रुग्णालयात पोहोचवणाऱ्या रिक्षावाल्या काकांचे आभार. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. बॅटरीच्या उजेडात जीभ दाबून, पडजीभ उजवीकडे सरकली आहे आणि डाव्या टॉन्सिलच्या वरचा भाग फुगला आहे, हे पाहताच टॉन्सिलभोवती पू साठल्याचे त्यांनी ओळखले. पू मानेत खोल उतरला किंवा श्वासाची वाट अडली तर जिवावर बेतते, हे शांतपणे समजावून त्यांनी जागा बधिर केली आणि सुईने पू ओढून काढला. सिरिंज पिवळट द्रवाने भरत गेली, तसा यजमानांचा आवळलेला जबडा माझ्या डोळ्यांदेखत सैल झाला.

सलाईन आणि शिरेतून प्रतिजैविके चालू असताना रात्रभर त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकाताईंनीच सकाळी त्यांना पाण्याचा पहिला घोट पाजला. ताई, तो घोट विनासायास उतरला, तेव्हा तुमचेही डोळे भरून आले होते, ते मी पाहिले.