फलक भिंतीवर, काळं तेल कढईत

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

२०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत कुठल्या पदार्थात किती तेल-साखर ते सांगणारे फलक लावायला सांगितलं. चांगलं झालं. पण फलकाखालच्या कॅन्टीनमधलं तेल किती दिवसांचं आहे, ते कुणी विचारायचं? २०१८ पासून नियम आहे: तळणाच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून नासलं की वाढणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचं. मोजायला हातात मावेल एवढं मीटर मिळतं. आमच्या बाजारपेठेत ते कुणाच्या हातात दिसलं तर शाल-श्रीफळ देऊ.

मीटर नसलं तरी कळतं. फेस बसत नाही, भजं सोडायच्या आधीच धूर निघतो, तेल काकवीसारखं चिकटतं. त्यात जुन्यावर नवं ओतायची खोड. जुनं तेल नव्यालाही लवकर नासवतं. आणि तेलाच्या नोंदी ठेवायची सक्ती कुणाला, तर दिवसाला ५० लिटरच्या वर तळणाचं तेल लागणाऱ्यांना! स्टँडबाहेरच्या गाडीवाल्याला एवढं तेल कधी लागतं? म्हणजे गरीब जिथं खातो, तिथंच वही कोरी.

मिठाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. चार जणांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. वाण्याकडून येणारा पुडा किलोचा, आणि त्यात शेव, पापड, लोणचं धरलेलंच नाही. शेवभाजीच घ्या: रश्शात मीठ, शेवेत मीठ, सोबत उडदाचा पापड. पापडखारातही सोडियमच, पण जिभेला ते खारट लागत नाही, म्हणून हिशेबात येत नाही. सोडियमने अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो, मग मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते नाहीतर फुटते.

आमच्या जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, सोडियमचा जोर उतरवणारं (किडनीच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारून). त्याच केळीच्या चकत्या काळ्या तेलात तळून, मीठ भुरभुरून विकायच्या! पुड्यावरची अक्षरं मुंगीएवढी. पदार्थ तब्येतीला किती बरा ते सांगणारे तारे पुड्याच्या दर्शनी बाजूला छापायचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला होता. तारे आकाशातच राहिले.

लकव्याचा झटका आला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेतं. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरून साडेचार तासांत माणूस कुठवर पोचतो, ते एकदा ताफा न घेता जाऊन बघा. रस्ता नाही, यंत्र आहे तर तंत्रज्ञ नाही, आणि सल्ला काय? तेल कमी खा.

तालुक्याला एक मीटर द्या. ५० लिटरच्या अटीसाठी दिल्लीशी भांडा. आश्रमशाळांच्या भटारखान्यात मीठ-तेल माणशी मोजून द्या. आणि ‘आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे’ एवढंच उत्तर असेल तर तिकीट वाया घालवू नका. त्या ओळीची आमच्याकडे फाइल झाली आहे.

आपले,
खान्देशातले काही आहारतज्ज्ञ