तुझ्या नावावरचा डाग

फोंडा
१० ऑगस्ट २०२५, रविवार

प्रिय मंगल,

आधी शिव्या घालून घे. मे महिन्यात तुझा एवढा मोठा मेसेज आला गुडघ्याच्या ऑपरेशनचा आणि मी काय पाठवलं तर अंगठा. रात्री परत वाचला तेव्हा इतकं ओशाळल्यासारखं झालं की आता लिहू, उद्या लिहू करत ऑगस्ट उजाडला. इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांची शुगर ह्यांच्या स्वभावासारखी, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि आई एक्याऐंशीची झाली तरी कान माझ्यापेक्षा तिखट. त्या कानांपायीच हे पत्र. फोनवर सांगता आलं नसतं, फोन बैठकीत आणि आई पण बैठकीत.

तर पपांचं टेबल माझ्याकडे आलंय. हो, तेच.

दादानं म्हार्दोळचं घर दुरुस्तीला काढलं, म्हणजे एप्रिलमध्ये काढायचं ते मेच्या शेवटी काढलं, आणि पाऊस काही दादासाठी थांबला नाही. सालातलं, म्हणजे बैठकीच्या खोलीवरचं, छप्पर उघडं, वर निळी ताडपत्री, खाली सामान. मग कुणी काय न्यायचं ते सुरू झालं. वहिनीनं शिसवी कपाट कधीच माहेरी "पॉलिशला" पाठवलंय, त्यावर वेगळं पत्र लिहीन. मी म्हटलं मला फक्त दाराकडचं टेबल द्या. टेम्पोत घालून आणलं, लिफ्टमध्ये मावेना, दोघा पोरांनी जिन्यावरून चढवलं आणि वळणावर एक पाय भिंतीला घासून अख्ख्या बिल्डिंगला कळलं की वीणाकडे जुनं लाकूड आलं.

त्याच आठवड्यात सई बेंगळुरूहून दहा दिवस घरून काम करायला आली. टेबल बघून म्हणाली, मम्मी, हा तर कन्सोल आहे, दाराशी भिंतीला लावतात ते अरुंद टेबल! मी म्हटलं असेल बाई, आम्ही त्याला टेबल म्हणायचो आणि त्यावर पपांचं पंचांग, देवळाची चावी आणि पंचायतीची बिलं असायची. पण तिनं टेप काढून मापंच घेतली. लांबी साडेतीन फूट, रुंदी चौदा इंच, उंची तीस. आमचा पॅसेज साडेचार फुटी, त्यातून चौदा इंच गेले तरी चाळीस उरतात, आणि तिच्या मते छत्तीस तरी मोकळे हवेतच, नाहीतर हातात पिशव्या घेऊन येणारा माणूस आडवा चालतो. मला पटलं. ह्यांना नाही पटलं, पण हे रुंदीलाही मोठे आहेत.

पुढचे चार दिवस ऐक. आरसा टेबलाच्या लांबीच्या दोन तृतीयांश, म्हणजे अठ्ठावीस इंच, त्याहून मोठा नको. वस्तू तीन, जोडीनं मांडू नको. एक उंच, एक मधली, एक बुटकी. दिवा पिवळ्या उजेडाचा, २७०० केल्विनचा बल्ब, पांढरा लावलास तर दवाखाना दिसेल म्हणे. उंच वस्तू म्हणून मी आजीची समई काढली तर सई म्हणाली नको, देव आणि डेकोरेशन एकत्र करू नको, तेव्हा मला तिचा जरा अभिमान वाटला. मग उंच म्हणून दिवाच. मधली म्हणजे तांब्याचा तांब्या, त्यात गच्चीवरच्या क्रोटनच्या दोन फांद्या, कारण फुलं ठेवली की पावसात दुसऱ्या दिवशी पाण्याला वास. बुटकी वस्तू कुठली, हा प्रश्न राहिला. आता तुला कळलं असेल मी कुठे चाललेय.

आईची तक्रार वेगळीच. दारासमोर आरसा नको ही एक. आरसा बाजूच्या भिंतीवर आहे हे तिला तीनदा दाखवलं. दुसरी तक्रार मात्र खरी निघाली. "सगळें बरें दिसता, पूण पोदेराक दिवपाचे पयशे खंय दवरतले?" सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की मी सुटे पैसे घेऊन खाली धावते, आणि पैसे असतात कुठे, तर ह्यांच्या पँटच्या खिशात, फ्रीजवर आणि देवासमोर. सईच्या त्या सगळ्या फोटोंमधल्या घरात पोदेर येतच नाही बहुतेक. ओली छत्री पण कुणाची दिसत नाही. मग टेबलाखाली छत्र्यांसाठी बादली ठेवली, पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या म्हणजे लादी पुसताना लाकूड पाणी ओढणार नाही, आणि आरशामागे चार कोपऱ्यांना नमद्याचे तुकडे चिकटवले, हवा खेळती राहावी म्हणून. नाहीतर भिंतीची ओल मागच्या लेपाला लागते आणि दोन पावसाळ्यांत काळे ठिपके. तुझ्या कुंडईच्या घरातला तो आरसा आठवतो? त्यात आपण दोघी देवी आल्यासारख्या दिसायचो.

बुटकी वस्तू म्हणून सईनं लाकडी ट्रे आणला आणि तो ठेवला नेमका डागावर. बघ, झाकला पण गेला, म्हणाली. मी काही बोलले नाही. अडतीस वर्षं मी त्या बाबतीत काही बोलले नाही, चार दिवसांनी काय फरक पडतो.

आता ते लिहितेच. १९८७. फेब्रुवारीत गोव्यात कोकणी राजभाषेचा कायदा झाला, मेमध्ये गोवा घटकराज्य झालं, आणि तुझे बाबा आणि माझे पपा एकमेकांशी बोलायचे बंद होऊन वर्ष होऊन गेलेलं. तुझे कोकणीवाले, माझे मराठीवाले. पपा मराठीच्या बाजूनं भांडायचे ते पण कोकणीतूनच, ह्यावर आपण दोघी उशीत तोंड घालून हसायचो. तरी तू यायचीस, तुझ्या बाबांना शिकवणी सांगून. दिवाळीच्या आधल्या संध्याकाळी आपण आकाशदिवा करत होतो, खळ तू शिजवलीस कारण माझ्या खळीत गाठी व्हायच्या, आणि सातच्या पणजीच्या बसनं तू गेलीस. बरोबर? मी तुला पोचवायला रस्त्यापर्यंत आले होते, तू खिडकीतून जीभ काढलीस.

तू गेल्यावर एक शेपटी सुटली. मी खळ परत गरम केली, त्याच काळ्या लोखंडी काईलीत, आणि सालात आणून टेबलावर ठेवली. टेबल भाजू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं बरं का! एवढी शहाणी मी. आणि नरकासुराचा पुतळा बघायला बाहेर धावले, ढोल वाजत होते, रात्री आले ती तशीच झोपले. पहाटे अभ्यंगाला उठवलं तेव्हा पपा टेबलापाशी उभे. पुरीएवढा काळा डाग. "हें कोणें केलें?"

मी म्हटलं मंगलनं.

दोन सेकंदांत म्हटलं. विचार पण केला नाही. पपा ओरडले असते तर बरं, ते फक्त म्हणाले, त्यांच्या घरची पोर, आणि गप्प झाले. आणि त्या सकाळी तुला फोवांना, दिवाळीच्या पोह्यांना, बोलावलं नाही. दरवर्षी तू यायचीस, आई तुझ्यासाठी ताकातले फोव वेगळे काढायची कारण तुला गोड फोव आवडत नाहीत. तू वाट बघितली असशील. ते मी तुला कधी विचारलं नाही.

नंतर शाळेत तू महिनाभर बोलली नाहीस, आणि आपण दोघी अजून सांगतो की ते भांडण कंपासपेटीचं होतं. मंगल, ते कंपासचं नव्हतं. तुला कुणीतरी सांगितलं होतं, बहुतेक दादानंच, त्याच्या पोटात काही राहत नाही. पुढे पपांनी तुझ्यासमोर टेबलावर बोट ठेवून "ही तुमची कलाकारी" म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि "चुकलं काका" म्हणालीस. मी तिथेच उभी होते. पाण्याचा तांब्या घेऊन.

(कंपासपेटी मात्र तूच हरवलीस. त्यावर मी ठाम आहे.)

तर आता गेल्या मंगळवारचं. सई परत गेली, जाता जाता म्हणाली टेबल पॉलिश करून घे, म्हणून मेस्ताला, सुताराला, बोलावलं. वयस्क माणूस, हात असा फिरवतो लाकडावर की म्हशीच्या पाठीवरून फिरवतोय. जुनं पॉलिश स्पिरिटनं पुसून बघितलं, लाखेचा चपडा आहे म्हणाला, आणि पावसात नवा चपडा मारणार नाही, हवेतली ओल धरून पांढरट पडतो, दसऱ्यानंतर बघू. तोवर घासून ठेवतो. घासलं. आता टेबल उघडंबोडकं उभं आहे आणि डाग पूर्वीपेक्षा ठसठशीत.

मी म्हटलं, तो भाजलेला डाग जाईल का? मेस्त खाली वाकला, चष्मा वर केला, नखानं खरवडलं. म्हणाला, "बाय, हें भाजलेलें न्हय. हें लोखण आनी उदक." भाजलं असतं तर लाकूड कोळशासारखं ठिसूळ झालं असतं, खड्डा पडला असता. हे घट्ट आहे. सागवानात जो तुरट रस असतो त्याला ओलं लोखंड बराच वेळ लागलं की काळं होतं, शाईसारखं. चपड्याला तडे असले तर आत उतरतं. लिंबू कापताना लोखंडी विळी काळी होते तसंच काहीतरी असावं असं मला वाटलं, पण विचारलं नाही, कारण त्याच्या पुढच्या वाक्यानं माझे पाय गार पडले. म्हणाला, ओलं लोखंड रातभर तरी बसलं असणार ह्यावर.

आई खुर्चीत जायांची फाती, जाईचा गजरा, ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "रातभर? मंगल सातांचे बशीन गेल्ली न्हय?"

अगं, एक्याऐंशी वर्षांची बाई. सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही तिला. १९८७ची बस आठवते.

मेस्त एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. मी चहा आणते म्हणून आत गेले. चहा झालेला होता, टेबलावर कप होते, तरी गेले.

दोन दिवस आई काही बोलली नाही. जेवली, मालिका बघितली, सगळं केलं, फक्त माझ्याशी नाही. तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, पपा असताना सांगायचं होतंस. एवढंच. पपांना जाऊन आठ वर्षं झाली. शेवटच्या वर्षी ते तुझी चौकशी करायचे, तुला माहितीय का, आकाशदिव्यावाली कशी आहे म्हणून, आणि मी म्हणायचे मजेत आहे. तेव्हा सहज बोलता आलं असतं. पलंगाशी बसून, दोन वाक्यांत. मी त्यांना पेज भरवत होते आणि माझ्या मनात आलं पण होतं, खोटं नाही सांगत, आणि मी म्हटलं उद्या.

पुढची दोन पानं लिहून फाडली कारण त्यात मी चौदा वर्षांची होते, घाबरले होते, दोन घरांचं वातावरण तसं होतं असलं सगळं आलं. तू पण चौदाचीच होतीस.

मग काल सकाळी बघते तर ट्रे जागेवर नाही. आईनं उचलून स्वयंपाकघरात नेला, त्यात आता कांदे-बटाटे आहेत (सईला सांगू नकोस, बाराशेचा ट्रे आहे). आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डिचोलीच्या मातीची वाटी ठेवलीय, पोदेराच्या पैशांची, आपण चतुर्थीच्या बाजारात घ्यायचो तसली. डाग मध्ये, मोकळा. बुटकी वस्तू मिळाली, फक्त भलत्याच जागी, आणि खरं सांगू, दिसायला तेच बरं दिसतं. दिवा डावीकडे, वाटी उजवीकडे, मधे काही नाही. येणारे-जाणारे विचारतात हे काय, आणि आई प्रत्येकाला सांगते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. "आमच्या वीणान केलां." मी भाजी चिरत ऐकत असते.

तुझा गुडघा वाकतो का आता? फिजिओ चुकवू नकोस, तू चुकवणार. निखिलचं कॅनडाचं झालं का, आणि तुझी सासू अजून तशीच का? हे सगळं नीट विचारायचं होतं पण बघ कागद संपला.

एक मात्र लवकर कळव. मेस्त दसऱ्यानंतर येणार. तो म्हणाला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं तर दोनतीन हातांत डाग बराचसा फिका होईल, मग पॉलिशखाली दिसणार पण नाही. आई म्हणते वीणाला विचारू नका. मी पण म्हणते, मला विचारू नका. डाग इतकी वर्षं तुझ्या नावावर आहे, तर काढायचा की ठेवायचा ते तूच सांग. अंगठा पाठवलास तरी चालेल, पण वर का खाली ते कळू दे.

तुझी,
वीणा

ता. क. दिवाळीला गुडघा परवानगी देत असेल तर ये. आईनं ताकातल्या फोवांसाठी आतापासून माझ्याकडून कबूल करून घेतलंय, की करायचे मी, आणि ती नुसती बसून तू किती खातेस ते बघणार.