परड्यातलं माळवं : मृगाची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे दोन पाऊस पडून मृग लागला की बियाण्यांच्या दुकानांत पाकिटांसाठी झुंबड उडते. मेथी, कोथिंबीर, पालक, गवार, टोमॅटो असं सगळं एकाच पिशवीत येतं आणि एकाच रविवारी परड्यात पेरलं जातं. ऑगस्टमध्ये त्याच घरांतून 'आमच्या मातीत काही येतच नाही' असा निकाल लागतो. माती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. तारीख चुकलेली असते आणि पाण्याला वाट दिलेली नसते.

पाकिटावर 'जून-जुलै' छापलेलं असतं ते साऱ्या देशासाठी. आपल्या एका जिल्ह्यातच गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, तर शिरोळकडे जेमतेम त्याच्या निम्मा. पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती पाणी धरत नाही, पूर्वेकडची काळी सोडत नाही. शहरात खरा जोर असतो तो पुनर्वसू आणि पुष्यात, म्हणजे आपल्या भाषेत तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, साधारण ५ जुलैपासून महिनाभर. त्या दिवसांत काळ्या मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहतात. बी फुगतं, पण त्याला हवा मिळत नाही, आणि चार-पाच दिवसांत ते कुजतं. उकरून पाहिलं तर हाताला बुळबुळीत टरफल तेवढं लागतं.

म्हणून बी आणण्याआधी एक परीक्षा घ्यावी. मे महिन्यात परड्यात फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरावा, ते जिरलं की पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत असेल, तर सपाट जमिनीत पावसाळी भाजी करूच नये. गादी वाफा करावा : रुंदी एक मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधे पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही, उंची २० ते २५ सेंटिमीटर, दोन वाफ्यांत फूटभराची चर, तिचा उतार घराच्या भिंतीपासून बाहेर. गादीवर पाय दिला की माती पुन्हा घट्ट होते आणि सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या पोरांना हे आधीच सांगून ठेवावं.

मृगात काय लावायचं? भेंडी, वेलभाज्या, वांगी, मिरची आणि अळू. एवढंच. त्यातही वांगी-मिरचीचं तरू (लावणीसाठीची रोपं) मेच्या मध्यावर छपराखाली टाकलेलं असेल तरच आर्द्राच्या उघडिपीत, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, लावण साधते. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून दोन सेंटिमीटर खोल टोकावं, ओळीत फूटभर आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून. एका जागी दोन बिया टाकाव्यात आणि पुढे सशक्त रोप ठेवून दुसरं कात्रीने कापावं, उपटू नये. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावंच लागतं. एक भेंडी जून होऊन राहिली, की झाड बी पिकवायच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी करतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणूजन्य रोग, पांढरी माशी पसरवते. औषध नाही, झाड उपटून टाकावं. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण त्याला बरेच दाद देत नाहीत.

वेलांबद्दल सगळ्यांत जास्त तक्रार एकच : फुलं ढीगभर, फळ नाही, किंवा बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. यात खताचा दोष क्वचितच असतो. पहिली पंधरवडाभर येतात ती बहुतेक नर फुलं, त्यांच्या देठाशी काही नसतं. मादी फुलाखाली इवलासा दुधी किंवा दोडका आधीच दिसतो. परागीकरण झालं नाही की तोच गळतो, आणि सततच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा हाताने करावं, पण वेळ सांभाळून. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. कारली, काकडी, भोपळ्याची पहाटे. सकाळी आठला दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करणारे पुष्कळ आहेत! ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात, मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावी. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. फळ धरल्यावर कागदी पिशवी बांधली तर फळमाशीही टळते.

खताच्या बाबतीत आपल्याकडे सुबत्ता आहे आणि तीच नडते. गोठ्यातलं ताजं शेण थेट वाफ्यात गेलं की हुमणीला आमंत्रण. ती मुळं कुरतडते आणि रोप भर पाण्यात सुकतं. साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फुकट मिळतो म्हणून कच्चाच मातीत मिसळला, तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो, आणि महिन्याभरात सगळा वाफा पिवळा. कारखान्याची ताजी मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, कुजताना तापते, कोवळी मुळं भाजतात. तिन्ही वस्तू उत्तम आहेत, पण थर देऊन, ओल राखून किमान तीन-चार महिने कुजवल्यावर. खत तयार झाल्याची खूण सोपी : मुठीत धरलं तर गरम लागत नाही, शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीचा येतो. असं खत चौरस मीटरला तीन-चार किलो पुरे. उसाचं पाचट आच्छादनाला फार चांगलं, मात्र दिवाळीनंतर. पावसाळ्यात त्याखाली गोगलगायी लपतात. त्यांच्यासाठी रात्री ओलं पोतं वाफ्याशेजारी पसरावं, सकाळी उलटून गोळा कराव्यात आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मातीवर मीठ टाकू नये.

२०१९ आणि २०२१ सारखं पुराचं पाणी ज्या परड्यांत येतं, तिथे ओसरल्यावर गाळाचा पापुद्रा सुकून तडकला की तो मोडून माती उघडी करावी. त्या पाण्यात गटारांचंही पाणी असतं, त्यामुळे तो हंगाम पालेभाजी आणि कच्ची खायची भाजी नकोच.

परसबागेचा खरा हंगाम उघडतो गणपतीनंतर. गणपती मागेपुढे येतात, म्हणून उत्तरा नक्षत्र धरावं, सप्टेंबरचा मध्य. टोमॅटो, फ्लॉवर, कोबीचं तरू तेव्हा टाकावं : दोन ओळींत बोटभर अंतर, बी एक सेंटिमीटर खोल, दाट मुळीच नको. दाट तरवा आणि रोज भरपूर पाणी, की रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. पेरण्याआधी बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळावा आणि पाणी सकाळी द्यावं, संध्याकाळी नाही. टोमॅटोच्या तरव्यावर बारीक जाळी अंथरली तर पांढरी माशी दूर राहते आणि पुढे पानं चुरडत नाहीत. चार आठवड्यांची, वीतभर रोपं ऊन उतरल्यावर लावावीत.

मेथी-पालक पेरायला मात्र हस्ताचा, म्हणजे हत्तीचा, पाऊस ओसरू द्यावा. हत्तीची एक सर बारीक बी वाहून एका कोपऱ्यात नेते. मग दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरत जावा, सगळा वाफा एकदम नाही. नाहीतर एका आठवड्यात दहा पेंढ्या आणि नंतर महिनाभर काही नाही. मुळा-गाजर जागच्या जागीच पेरावं, रोप उपटून लावलं की मूळ फाटे फोडतं. कोथिंबिरीचा धना चपलेने किंवा लाटण्याने हलका रगडून दोन फाकी कराव्यात, बारा तास भिजवावा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरू नये. लक्ष्मीपुरीच्या बाजारात पेंढीचा भाव ऐकून ज्यांना पावसाळ्यातच कोथिंबीर हवी, त्यांनी ती पत्र्याच्या किंवा पारदर्शक कागदाच्या आडोशाला, सहा इंच खोल क्रेटमध्ये करावी. उघड्यावर तिच्या नादी लागू नये.

वांग्याचा शेंडा भर पाण्यात मान टाकतो, तेव्हा फवारा घेऊन धावण्यात अर्थ नाही. तो शेंडा उभा चिरावा, आत गुलाबीसर अळी दिसेल. औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सुकलेल्या भागाखाली दोन बोटं अंतर सोडून शेंडा कापावा आणि जाळावा; कचऱ्यात टाकला तर पतंग होऊन परत येते. मावा-तुडतुड्यांसाठी पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून साबणाचा थोडा चुरा घालावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावं. माव्याची वस्ती तिथे असते, आपण वरून फवारतो.

गच्चीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. ओली माती घनफुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते, म्हणून कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या वर किंवा भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. आणि टोमॅटो-वांग्याला वीस लिटरपेक्षा लहान कुंडी नको. लहान कुंडीत दुपारी कोरडं, सकाळी चिखल असा खेळ चालतो आणि टोमॅटोचा तळ काळा पडतो.

गवार मृगात पेरायचा हट्ट सोडावा. ती फेब्रुवारीची, पोकळा आणि उन्हाळी काकडीही तेव्हाच.

आपल्या दैनिकाला एक विनंती. बाजारभावांशेजारी आठवड्याला चार ओळींची चौकट द्यावी : या आठवड्यात काय पेरावं, काय थांबवावं. फक्त ती गगनबावडा-राधानगरी, कोल्हापूर-करवीर आणि शिरोळ-हातकणंगले अशी तीन भागांत असावी. एकच तारीख तिघांना लागू पडत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर