लाल पेन उघडण्याआधी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्लीच्या मुलांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत, मोबाईलने भाषेची पार वाट लावली, असा लेख तुमच्या अंकात वाचला आणि राहवेना म्हणून लिहितेय. तक्रार खोटी नाहीये, २२ वर्षं भाषा शिकवतेय, असल्या वह्या मीही रोज बघते. पण लेखात चुकांची यादी लांबलचक होती आणि ती चूक का झाली असेल यावर एक ओळसुद्धा नव्हती. याच प्रश्नामागे एक बाई कित्येक वर्षं लागली होती, तिच्याबद्दल सांगायचंय.

मिना शॉनेसी तिचं नाव. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकासाठी दारं उघडली आणि ज्यांच्या घरातलं आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशी हजारो मुलं वर्गात येऊन बसली, बरीचशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन घरांतली, गोऱ्या कामगारांचीही. त्यांचे निबंध बघून प्राध्यापक हादरलेच, ही मुलं शिकण्याच्या लायकीचीच नाहीत असं सरळ बोललं जायचं. शॉनेसी तिथे शिकवत होती. सुरुवातीला आपल्यालाही काही उमगत नव्हतं, कुठून हात घालावा तेच कळेना, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. पण तिने ते कागद बाजूला सारले नाहीत. १९७० ते ७४ या काळात आलेल्या मुलांचे प्रवेशाच्या वेळचे सुमारे ४,००० निबंध घेऊन बसली आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक आलं. तिचं म्हणणं असं की ही मुलं मंद नाहीत, बेफिकीरही नाहीत, ती नवशिकी आहेत आणि नवशिका माणूस चुकत चुकतच शिकतो. चुकांना बहुतेक वेळा आतून एक नियम असतो, मुलाने स्वतःच्या डोक्याने बसवलेला, फक्त तो आपल्या पुस्तकातला नसतो. आधी तो नियम शोधायचा, मग शिकवायचं. पुस्तकाची सुरुवातच तिने हस्ताक्षर आणि विरामचिन्हांपासून केलीय, ज्याकडे मोठे विद्वान ढुंकूनही बघत नाहीत.

माझ्याच वर्गातलं सांगते. एका मुलाने लिहिलं होतं, 'आईने विचारलं तू कुठे होतास म्हणून मी सांगितलं नाही.' मी 'म्हणून'भोवती लाल गोल केला, बाजूला लिहिलं अर्थ लागत नाही, आणि मार्क कापले. दुसऱ्या दिवशी सहज त्याला वाचायला लावलं तर तो 'म्हणून'नंतर थांबला, श्वास घेतला, मग 'मी सांगितलं नाही'. विचारलं, तू कुठे होतास म्हणून. मी सांगितलं नाही. बोलताना आपण सगळेच असं बोलतो की! वाक्य पूर्ण बरोबर होतं, एक पूर्णविराम राहिला होता बस, आणि मी त्याला विचारच करता येत नाही असं धरून चालले होते. त्या वहीत त्याने पुढच्या पानावर एक शब्द इतक्यांदा खोडून लिहिला होता की कागदाला भोक पडलेलं. बेफिकीर पोरगं असं खोडत बसेल का, तुम्हीच सांगा.

असं मोठ्याने वाचून घेण्यावरही अभ्यास झालाय, १९८० मध्ये डेव्हिड बार्थोलोमे या अमेरिकन प्राध्यापकाने दाखवलं की स्वतःचा निबंध वाचताना विद्यार्थी कागदावरच्या कितीतरी चुका तोंडाने आपोआप सुधारून वाचतो आणि आपण सुधारलं हे त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणजे भाषा त्याच्याकडे असते, ती कागदावर उतरताना कुठेतरी अडते.

शॉनेसीवर टीकाही झाली, तिचं लक्ष चुकांवरच जास्त राहिलं, मुलं काय म्हणतायत त्यावर कमी, आणि ते मला थोडंफार पटतंही. पण निदान तिने कागद तरी वाचले. पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये ती वारली, फक्त ५४ वर्षांची होती.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी एखाद्या मुलाचा अख्खा निबंध छापा, नाव न देता, काही न सुधारता, त्याच्या आईवडिलांना विचारून. आणि वाचकांना सांगा की आधी मोठ्याने वाचा.

आपली,
एक भाषाशिक्षिका