ओढणाऱ्या बोटीचे दिवे ओळखा

मा. संपादक,

रात्री दोन बोटी मागेपुढे चाललेल्या दिसल्या आणि मधे भरपूर जागा आहे म्हणून तिथून बोट घातली, यासारखी घातक चूक नाही. पुढची बोट मागच्या बार्जला (सपाट तळाच्या, बहुधा इंजिन नसलेल्या मालवाहू नौकेला) ओढत असेल, तर त्या मोकळ्या पाण्यात दोरखंड असतो. मधोमध तो झोल खाऊन पाण्याखाली जातो, म्हणून सर्चलाइट टाकला तरी दिसत नाही. लहान बोट त्यावर अडकली की ताण बसताच उलटते, आणि मागून येणारी बार्ज जागच्या जागी थांबवता येत नाही.

म्हणून दिवे वाचता यायलाच हवेत. टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ओढणारी यांत्रिक बोट डोलकाठीवर एकाखाली एक दोन पांढरे दिवे लावते. तिच्या मागच्या टोकापासून ओढल्या जाणाऱ्या बार्जच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर २०० मीटरहून जास्त असेल, तर तीन. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा आणि त्याच्या बरोबर वर पिवळा. ढकलत किंवा कडेला बांधून नेताना पिवळा लावायचा नसतो. मोठ्या जहाजाचेही दोन पांढरे दिवे नेमके समोरून एकावर एक दिसतात, पण थोडे बाजूला गेले की ते वेगळे होतात. ओढणाऱ्या बोटीचे हे दिवे बाजूनेही उभ्या रेषेतच राहतात.

खरी फसगत होते ती बार्जमुळे. तिच्या डोलकाठीवर पांढरा दिवा नसतोच, फक्त बाजूचे रंगीत आणि मागचा पांढरा. त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला आधी दोन पांढरे व एक लाल, मग लांबच लांब अंधार आणि नंतर खाली एकटाच लाल दिसतो. तो एखाद्या शिडाच्या होडीचा वाटतो. असा एकटा रंगीत दिवा दिसला की त्याच्या पुढे उभ्या रेषेतले पांढरे शोधा, आणि बार्जच्या मागूनच जा.

धुक्यात ओढणारी बोट जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब (४ ते ६ सेकंद) व दोन आखूड भोंगे देते. शेवटच्या बार्जवर माणसे असतील तर शक्यतो लगेच पाठोपाठ एक लांब, तीन आखूड.

बोटमालकांनाही कळकळीने सांगावेसे वाटते. पिवळा दिवा चहूबाजूंनी दिसेल असा बसवू नका. तो फक्त मागच्या १३५ अंशांत दिसला पाहिजे. जुन्या रंगीत काचेमागे पांढरा एलईडी घातला की लाल मंदावतो आणि हिरवा निळसर दिसू लागतो. १२ ते ५० मीटरच्या बोटीचे बाजूचे दिवे दोन सागरी मैलांवरून दिसायला हवेत. तारेचे टोक गंजले की व्होल्टेज पडून ते अंतर घटते. डेकवरचे फ्लडलाइट आणि शोभेच्या माळा तर सगळेच दिवे गिळून टाकतात. बंद पडलेल्या बोटीला मदत म्हणून ओढताना हे दिवे जवळ नसतील, तर निदान दोरावर उजेड पाडा.

माणूस नसलेल्या बार्जवरचे बॅटरीचे दिवे निघण्यापूर्वी पूर्ण चार्ज करून, बार्जभोवती फिरून प्रत्येक बाजूने तपासावेत. बाजूचे दिवे विझले तर पुढच्या बोटीवरून लक्षात येते. मागचा पांढरा विझला तर तिथून कोणालाच दिसत नाही.

– एक वाचक