मृदा पत्रिकेत तेरावा रकाना द्या: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, माझ्या रानाची मृदा आरोग्य पत्रिका समोर ठेवून हे लिहितोय. करवीर तालुक्यात पावणेतीन एकर ऊस आणि बांधाकडेला म्हशींसाठी थोडं हत्ती गवत, एवढाच माझा पसारा. पत्रिकेत 12 रकाने आहेत. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (म्हणजे फॉस्फरस), पालाश, गंधक, मग जस्त-लोहापासून बोरॉनपर्यंत. 2015 साली योजना आली तेव्हा मातीची पिशवी घेऊन मीही रांगेत उभा होतो. योजनेला नावं ठेवायची नाहीत. पण या बारांतला एकही रकाना जमिनीत जिवंत काय आहे ते सांगत नाही. मला तेरावा रकाना हवा आहे. (तेरावा म्हटल्यावर आपल्याकडं भलतंच आठवतं, पण मोजणीत तोच येतो, काय करणार.)

त्यात लिहायचं एवढंच: पिकाच्या मुळात बुरशी किती.

बुरशी म्हटलं की ऊसवाला दचकतो. लाल कूज आणि काणी या उसाच्या बुरशी-रोगांनी पोळलेला माणूस दुसरं काय करणार? पण ऊस शेवटी गवतच आहे, आणि गवतांच्या अंगात राहून त्यांचं भलं करणाऱ्याही बुरश्या असतात. शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकताना उसाची कोवळी मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (खतातल्या नव्हे) द्रावणात उकळून, निळी रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. मुळाच्या पेशीत इवलंसं झाड उभं होतं, फांद्या-उपफांद्यांसकट. ती मायकोरायझा बुरशी. पुढं नोकरी शोधली, मिळाली नाही, शेतीत आलो. पण ते झाड काही डोळ्यांसमोरून गेलं नाही.

आमच्याकडं पैरा चालतो हे आपल्याला माहीत असेलच. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. ऊस आणि ही बुरशी यांचा तसाच पैरा आहे. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा स्फुरद ओढून घेतं आणि मग उपाशी बसतं. बुरशीचे धागे मुळावरच्या केसांपेक्षा बारीक. ते पुढं लांबवर जातात, तिथला स्फुरद आणून मुळात उतरवतात. बदल्यात पीक आपल्या कमाईतला 4 ते 20 टक्के कर्ब (कार्बन) बुरशीला देतं, साखरेच्या आणि चरबीच्या रूपात. चरबीचं 2017 साली कळलं. या बुरशीला स्वतःची चरबी मुळी बनवताच येत नाही, म्हणून तर ती मुळाशिवाय जगत नाही.

आता खरी मेख. रानात स्फुरद मुबलक असला की पीक हा पैरा मोडतं. आयतं मिळत असताना वाटा कशाला द्यायचा? आणि आम्ही काय करतो, तर लागणीला डीएपी, भरणीला 10:26:26, दोन्ही स्फुरदाची खतं; वर शेजाऱ्यानं एक पोतं जास्त टाकलं म्हणून आपलंही एक जास्त. अशा रानात बुरशी मुळांत फारशी शिरत नाही, आणि शिरलीच तरी बसून खाणाऱ्या पाहुण्यासारखी ओझंच होऊ शकते. म्हणजे हलक्या रानात जी बुरशी फुटवे वाढवील, तीच भारी, खतावलेल्या रानात काहीच करणार नाही. "टाका आणि वाढ बघा" असं विकतच्या मायकोरायझाच्या पिशवीवर छापणं म्हणूनच अर्धसत्य आहे.

पिशवीवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी मायकोरायझा पावडर आणली, भरणीला टाकली. फरक शून्य. उरलेली पावडर एका प्राध्यापक मित्रानं चाळणीतून धुऊन पाहिली. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, मोजके, त्यातले बहुतेक रिकामी टरफलं. कंपनीचं नाव इथं घेत नाही, मुद्दा तो नाही. खत नियंत्रण आदेशात ग्रॅममागं किमान 100 जिवंत घटक असावेत असा निकष आहे. दुकानातल्या मालाचे नमुने घेऊन तो कितीदा तपासला जातो, एवढं तालुकावार जाहीर करा.

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाबद्दलही बोलायला हवं. काणीच्या भीतीनं बेणं, म्हणजे लागणीच्या कांड्या, त्यात बुडवतो, ते बरोबर आहे, ते थांबवा असं मी म्हणणार नाही. पण त्याच औषधाची उभ्या उसात आळवणी करून आठवड्यानं मायकोरायझाची पिशवी सोडणारे शेतकरी मी पाहिलेत. प्रयोगशाळेत मायकोरायझा दाबायची असली की याच गटातली औषधं वापरतात! हे गावात सांगायला कोणी नाही.

वैरणीचा विषय त्याहून नाजूक. अमेरिकेत 1943 साली केंटकी 31 नावाचं फेस्क्यू गवत आलं आणि झपाट्यानं पसरलं, कारण ते दुष्काळाला, किडीला दाद देत नव्हतं. पण त्यावर चरणारी जनावरं लंगडायची, दूध आटायचं, थंडीत शेपटीचं टोक सडून गळायचं. 1977 साली कारण सापडलं: गवताच्या आत, बाहेरून अजिबात न दिसणारी एक बुरशी. तीच गवताला तगवत होती आणि तीच विष बनवत होती. बुरशी नसलेलं बी पेरून पाहिलं, तर जनावरं सुधारली आणि गवत उन्हाळ्यात मरायला लागलं. शेवटी विष न करणाऱ्या बुरशीचं बी तयार करावं लागलं. ती थंड मुलखातली गवतं, आपली नव्हेत. पण बाहेरून वैरणीचं बी आणून वाटताना त्याच्या अंगात काय आहे हे आधी पाहावं, इतका धडा आपल्यालाही पुरे.

आणि एक चांगली बाजू. थरच्या वाळवंटात डॉ. अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी सापडली. ती मुळाशिवायही वाढवता येते. तिच्यामुळं बार्ली, म्हणजे पुन्हा गवतच, खारेपणा जास्त सोसते असं 2005 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. शिरोळच्या क्षारपड रानात उसावर तिचा खर्च-उत्पन्नासकट प्रयोग लावता येईल. कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहेच.

तेराव्या रकान्याला पैसा किती लागेल? मुळं पोटॅशमध्ये उकळायची आणि फाउंटन पेनची शाई व्हिनेगरमध्ये मिसळून रंगवायची, ही पद्धत 1998 पासून छापील आहे. सूक्ष्मदर्शक कॉलेजांत धूळ खात पडलेत आणि पोरांना प्रकल्प हवेच असतात. सुरुवात करवीर आणि शिरोळ या दोन तालुक्यांपासून करा.

माझ्या खोडव्याची मुळं लागतील तेव्हा काढून देतो. फक्त पाऊस लागायच्या आधी माणूस पाठवा, नंतर रानात पाय ठरत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर